विम्याचा शेवटचा दिवस आणि मुलाचे रोजचे औषध

आजारपण म्हटले की रुग्णालयातील खाट, सलाईनची बाटली आणि दाराशी ताटकळणारे नातेवाईक असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्याकडील आरोग्य विम्याची रचनाही बव्हंशी याच चित्रावर बेतलेली आहे. रुग्ण दाखल झाला, उपचार झाले, तो घरी गेला की विम्याचे कार्य संपले, असे तिचे स्वरूप आहे. परंतु बालकांच्या काही आजारांत रुग्णालयात राहण्याचे दिवस मोजके आणि औषध घेण्याचे दिवस मात्र वर्षानुवर्षांचे असतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह, ज्याला डॉक्टर टाइप वन म्हणतात, हा असा एक आजार. अपस्मार, म्हणजे ग्रामीण भागात ज्याला फेफरे किंवा फिट येणे म्हणतात, तो दुसरा. बालदमा, थॅलसिमिया, हिमोफिलिया यांची नावेही याच मालिकेत येतात. अशा मुलाच्या औषधाला मिळणारे विम्याचे संरक्षण ज्या दिवशी संपते, त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे त्या कुटुंबाच्या दृष्टीने अत्यंत कसोटीचे असतात. औषध मिळण्याचे अन्य मार्ग राज्यात उपलब्ध आहेत. मात्र एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर मुलाला नेऊन सोडण्याचे काम कोणत्याही एका कार्यालयाकडे सोपविलेले नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

सोळावा दिवस

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना तिचा लाभ देण्याचे ठरले आणि संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाली. ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी संलग्न आहे. मधुमेहाने अत्यवस्थ झालेल्या बालकाला अतिदक्षता विभागात ठेवण्याचा खर्च पेलण्याचे सामर्थ्य गरीब कुटुंबाला या योजनांमुळे लाभले, हे निःसंशय.

परंतु आयुष्मान भारत योजनेत रुग्ण घरी गेल्यानंतरची औषधे पंधरा दिवसांपर्यंतच समाविष्ट आहेत. बालकाची इन्सुलिनची गरज सोळाव्या दिवशीही तेवढीच असते. काही ठरावीक उपचारांना पुढील तपासण्यांची पॅकेजेस जोडलेली आहेत. आपल्या मुलाच्या आजाराला त्यांपैकी एखादे लागू पडते काय, हे घरी निघण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. पुष्कळ पालक हा प्रश्न विचारीतच नाहीत. सर्व काही मोफत झाले, या समाधानात ते घरी येतात आणि तिसऱ्या आठवड्यात औषधाच्या दुकानात उभे राहतात.

कामगार विम्याचे गणित

औद्योगिक पट्ट्यातील कुटुंबांचा प्रश्न थोडा निराळा असतो. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या कक्षेत आलेली राज्य कामगार विमा योजना बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधेही पुरविते. या बाबतीत ती अन्य बहुतेक विमा योजनांपेक्षा उदार आहे. म्हणूनच तिचे संरक्षण सुटले की आघातही मोठा असतो. नोकरी गेली, कारखाना बंद पडला, किंवा वेतन मर्यादेपलीकडे गेले, ही त्याची नेहमीची कारणे. मासिक २१,००० रुपयांची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून ठरविण्यात आली. पगारवाढीचे पेढे वाटणाऱ्या पित्याला मुलाचे औषध बंद होणार असल्याची जाणीव पुष्कळदा उशिरा होते.

येथे एक तरतूद समजून घेण्यासारखी आहे. कामगार विम्यात अंशदानाचे दोन कालावधी असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. त्यांना जोडलेले लाभाचे कालावधी अनुक्रमे पुढील १ जानेवारी ते ३० जून आणि १ जुलै ते ३१ डिसेंबर असे असतात. समजा, एखाद्या कामगाराचे वेतन ऑगस्टमध्ये मर्यादा ओलांडून गेले. तरीही त्याचे अंशदान ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहते, आणि त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले असल्यास त्याचा व कुटुंबाचा वैद्यकीय लाभ पुढील ३० जूनपर्यंत टिकतो. म्हणजे पगारवाढीनंतर जवळजवळ दहा महिने हाती असतात. हक्क त्याच दिवशी संपला, अशा समजुतीने दवाखान्याकडे पाठ फिरविणारी कुटुंबे हे दहा महिने विनाकारण गमावतात. छाटणी किंवा कारखाना बंद पडणे यामुळे नोकरी गेलेल्यांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. पात्र कामगाराला त्या योजनेचा भत्ता मिळत असतो त्या काळात कुटुंबाची वैद्यकीय सेवाही चालू राहते. यासाठी शाखा कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

वयाचाही एक मुद्दा आहे. शिक्षण घेणारे अवलंबित मूल एकविसाव्या वर्षापर्यंत कुटुंबाच्या व्याख्येत बसते. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे परावलंबी असलेल्या मुलाला मात्र ही वयोमर्यादा आड येत नाही. त्यासाठीची प्रमाणपत्रे वेळीच दाखल केलेली असावीत.

खासगी नोकरीतील सामूहिक विम्याविषयी थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की त्यांतील बहुतेक विमे रोजच्या औषधाचा खर्च मुळातच देत नाहीत. तथापि नोकरी सुटल्यावर त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची सोय असते आणि पूर्वीच्या विम्यात भरलेला प्रतीक्षा काळ त्यात धरला जातो. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच हालचाल करावी लागते. मागणी अन्यायाने नाकारली गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत दाद मागता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई व पुणे येथे असून या कामाला शुल्क नाही.

खंड का चालत नाही

१९२२ च्या ११ जानेवारीला कॅनडातील टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तोपर्यंत हा मधुमेह जडलेले मूल फार दिवस जगत नसे. उपाशी ठेवून त्याचे आयुष्य थोडे लांबविणे, एवढाच काय तो उपाय होता. पुढील वर्षी बँटिंग, बेस्ट व कॉलिप या संशोधकांनी आपले पेटंट प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. औषध सर्वांना मिळावे हा त्यामागील हेतू होता. शंभर वर्षांनंतरही ते सर्वांपर्यंत पोहोचलेले नाही, यास काय म्हणावे!

या आजारात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. त्यामुळे इन्सुलिन थांबले की थोड्याच दिवसांत, कधी एका दिवसातही, रक्तात आम्ल साचू लागते. तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणे. पोटदुखी व उलट्या पाहून अपचन समजण्याची चूक घरोघरी होते. अडचणीत सापडलेले पालक औषध एकदम बंद करीत नाहीत. ते बाटली पुरवून वापरतात: मात्रा निम्मी करतात, रात्रीचे इंजेक्शन गाळतात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु मुलाच्या शरीराला ही काटकसर पेलत नाही. मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांखेरीज कोणीही घेऊ नये.

अपस्माराच्या औषधाबाबतही हेच. गोळी अचानक बंद केल्यास पूर्वीपेक्षा तीव्र झटके येऊ शकतात, एकामागून एक येत राहू शकतात. पाच मिनिटांहून अधिक काळ झटका चालू राहिला तर तो जिवावरचा प्रसंग समजून मुलास तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे.

औषध बदलताना

विमा संपल्यानंतर महागड्या औषधाऐवजी स्वस्त पर्याय घ्यावा लागतो. हा बदल शक्य आहे आणि बहुतेक वेळा सुरक्षितही आहे, परंतु तो घरच्या घरी करण्याजोगा नाही. पहिली गोष्ट चिठ्ठीची. औषध नियम १९४५ अन्वये चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या बाबतीत दुकानदाराला एका नावाच्या औषधाऐवजी दुसऱ्या नावाचे औषध स्वतःच्या मर्जीने देता येत नाही. म्हणून चिठ्ठीवर औषधाचे मूळ, म्हणजे जेनेरिक नाव, त्याची शक्ती आणि मात्रा स्वच्छ अक्षरात लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करावी. अशी चिठ्ठी जन औषधी केंद्रातही चालते आणि सरकारी रुग्णालयातही. मानवी इन्सुलिन आणि अपस्मारावरील प्रचलित औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत. त्या सूचीतील औषधांची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ठरविली जाते. छापील किमतीहून अधिक पैसे मागणारा दुकानदार कायद्याचा भंग करीत असतो.

इन्सुलिनच्या बदलात एक धोका आहे, आणि तो पुरेशा गांभीर्याने सांगितला जात नाही. विम्यातून पुष्कळ मुलांना पेन मिळते. त्या पेनमधील इन्सुलिनची शक्ती एका मिलिलिटरला १०० युनिट असते. सरकारी पुरवठ्यातील आणि स्वस्त बाटलीत ती सामान्यतः ४० युनिट असते. ४० च्या बाटलीसाठी ४० ची सिरिंज वापरावी लागते. तिचे टोपण लाल असते. १०० ची सिरिंज नारिंगी टोपणाची. समजा, मुलाला १० युनिट द्यावयाचे आहेत आणि घरात १०० ची सिरिंज पडलेली आहे. ४० च्या बाटलीतून त्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत औषध ओढले तर मुलाच्या शरीरात केवळ ४ युनिट जातील. उलट, १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने ओढले तर १० ऐवजी २५ युनिट जातील आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरेल. बाटली देणाऱ्याने तिला जुळणारी सिरिंजही त्याच वेळी हातात ठेवली पाहिजे. परिचारिकेने आईकडून एकदा समक्ष मात्रा ओढवून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

वेळेतही फरक पडतो. पेनमधील शीघ्र परिणामी इन्सुलिन जेवणाला बसतानाच घेतले जाते, तर साधे मानवी इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावे लागते. इंजेक्शन घेतले आणि जेवणाला उशीर झाला, तर मुलाला घाम सुटतो, हात थरथरतात, ते गोंधळल्यासारखे वागते. शाळेतील पोषण आहाराची वेळ मागेपुढे होत असेल, तर ही गोष्ट वर्गशिक्षकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

साठवणीचा प्रश्नही येतोच. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी; बर्फाच्या कप्प्यात ती कदापि ठेवू नये. वापरात असलेली बाटली थंड जागी सुमारे चार आठवडे टिकते. ज्या घरी शीतकपाट नाही तेथे मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे आणि पाणी न शिरणाऱ्या डबीत बाटली ठेवून ती डबी लहान मडक्यात ठेवावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम चालते. कोकणच्या दमट हवेत तिचा गुण कमी.

पुरवठ्याची साखळी

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. तेव्हा विमा संपलेल्या मुलाचा पहिला आधार प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय हाच होय. पण औषध निःशुल्क असणे आणि ते कपाटात असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. केंद्राची मागणी मागील खपावर आधारलेली असते. ज्या केंद्रात आजवर मधुमेही मूल आलेच नाही तेथे इन्सुलिनची मागणी शून्य, आणि मागणी शून्य म्हणून पुरवठाही शून्य. मूल ज्या दिवशी प्रथम दाराशी येते त्या दिवशी त्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. पालक पुन्हा येत नाहीत आणि खप शून्यच राहतो.

हे चक्र मोडण्यासाठी हिशेब लागतो, आणि तो अवघड नाही. ३० किलो वजनाच्या शाळकरी मुलाला दिवसाला साधारण २५ ते ३० युनिट इन्सुलिन लागते असे धरले, तर महिन्याला सुमारे ८४० युनिट होतात. ४० शक्तीच्या १० मिलिलिटर बाटलीत ४०० युनिट असतात. म्हणजे महिन्याला दोन बाटल्या पुऱ्या पडत नाहीत. तीन बाटल्यांची नोंद हवी. दोन प्रकारचे इन्सुलिन स्वतंत्र बाटल्यांतून चालू असेल तर प्रत्येकाचा हिशेब निराळा. वैद्यकीय अधिकाऱ्याने ही मागणी मुलाच्या नावाने नोंदवून वर पाठविली की पुढचा पुरवठा तिच्या आधारे होऊ शकतो. मधल्या काळासाठी रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते. या समितीवर असणाऱ्या लोकप्रतिनिधींनी इमारतीच्या रंगरंगोटीइतकेच लक्ष या बाबीकडे दिले तर एखाद्या मुलाचा जीव वाचू शकतो.

रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवसाला तीन-चार वेळा तपासणी करावयाची म्हटल्यास महिन्याला शंभरावर पट्ट्या लागतात. इन्सुलिन फुकट मिळाले तरी पट्ट्यांचा खर्च कुटुंबावरच पडतो आणि तो कित्येकदा इन्सुलिनहून अधिक असतो. विमा योजना त्याकडे पाहत नाहीत, सरकारी पुरवठ्यातही त्यांना दुय्यम स्थान मिळते. न तपासता दिलेले इन्सुलिन म्हणजे अंधारात टाकलेले पाऊल, हे ध्यानी घेता ही उपेक्षा समर्थनीय वाटत नाही.

काही मुलांसाठी अन्य वाटा आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. तीत बाह्यरुग्ण उपचार व औषधे ठरावीक मर्यादेत समाविष्ट आहेत, नोंदणीपूर्व वैद्यकीय तपासणीची अट नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना अपस्मारही असतो, त्यामुळे त्यांना ही योजना विशेष उपयोगी. मात्र तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि ते विसरल्यामुळेच पुष्कळांचे संरक्षण खंडित होते. थॅलसिमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे आजार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समाविष्ट असल्याने त्या मुलांना प्रमाणपत्राच्या आधारे मदत मागता येते. ज्यांचे औषध हजारांत नव्हे, लाखांत मोजावे लागते अशा दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरण आहे आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे त्याचे एक केंद्र आहे. तेथेही रुग्णामागे ५० लाखांची मर्यादा २०२२ मध्ये ठरविण्यात आली. आयुष्यभराच्या औषधापुढे तीही अपुरी पडते.

शाळा आणि पंचायत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. त्याची पथके शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतात. पथक येईल तेव्हा रोजचे औषध चालू असलेल्या मुलांची नावे शिक्षकांनी आपणहून पुढे करावीत, कारण बाहेरून पाहता ही मुले निरोगीच दिसतात. औषध कोणाकडून मिळते, ही व्यवस्था केव्हापर्यंत आहे, अडचण आल्यास कोणाला कळवावयाचे, या तीन गोष्टी प्रवेशाच्या वेळी वहीत टिपून ठेवल्या तर पुढे फार उपयोग होतो. नेहमी चपळ असणारे मूल एकाएकी सुस्तावले, वारंवार पाणी पिऊ लागले, किंवा सहा महिने न आलेली फिट वर्गात पुन्हा आली, तर औषध संपले आहे काय, हा पहिला प्रश्न विचारावा. पालक आपणहून ते सांगत नाहीत. विशेषतः मुलीच्या बाबतीत, पुढे लग्न जमणार नाही या धास्तीने आजारच लपविला जातो. म्हणून ही चौकशी चारचौघांत करू नये.

मधुमेही मुलाची साखर उतरल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही परीक्षार्थींना खाण्याचे पदार्थ जवळ बाळगण्याची मुभा दिली. गावच्या शाळेतील घटक चाचणीला अशा लेखी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाची असते. बालकल्याणाच्या निधीतून ग्लुकोमीटर, पट्ट्या, सिरिंजा अशी खरेदी करावयाची असल्यास ग्रामसेवकाने गटविकास अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन घेऊन ठराव मांडावा. ठरावात मुलाचे नाव लिहू नये. आरोग्य केंद्राचा मागणीपत्र क्रमांक पुरेसा होतो. आशा सेविकेने महिन्यातून एकदा घरी जाऊन किती बाटल्या व किती गोळ्या शिल्लक आहेत ते मोजावे आणि शिल्लक दोन आठवड्यांच्या खाली आलेली दिसल्यास त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.